तांब्याच्या पत्र्यावरची शंभर फुलं

१६०६ सालचा एप्रिल महिना. अँटवर्पमध्ये राहणारा यान ब्रूगेल नावाचा चित्रकार मिलानच्या आर्चबिशपला, कार्डिनल फेदेरिको बोरोमेओला, पत्र लिहितो. तुमच्यासाठी फुलांचा एक गुच्छ रंगवायला घेतलाय, असं कळवतो. त्यातली काही फुलं अँटवर्पमध्ये मिळत नाहीत, ती समोर ठेवून रंगवता यावीत म्हणून मुद्दाम ब्रसेल्सला जाऊन आलो, असंही सांगतो. मग २५ ऑगस्टला दुसरं पत्र जातं: चित्र झालं. शंभराहून जास्त फुलं आहेत आणि सगळी प्रत्यक्ष बघून काढली आहेत.

या दोन पत्रांमधले साडेचार महिने हीच या चित्राची खरी गोष्ट आहे.

चित्र आजही मिलानच्या आम्ब्रोसियाना संग्रहालयात आहे. तांब्याचा पत्रा, उंची ६५ सेंटिमीटर, रुंदी ४५. देवघरातल्या मोठ्या तसबिरीएवढ्या जागेत शंभर फुलं! पात्राच्या पायथ्याशी एक रत्नजडित दागिना, काही नाणी आणि समुद्रातले शंख-शिंपले ठेवलेले दाखवलेत. ते का काढले, हे ब्रूगेलनं पत्रातच सांगून टाकलंय. सोन्या-रत्नांपेक्षा फुलं सरस ठरतात की नाही, ते आपणच बघा, असं त्यानं कार्डिनलला सुचवलं. कार्डिनलही तयारीचा गडी. खाली रंगवलेल्या हिऱ्याचा अर्थ आपल्याला कळला आणि त्या रत्नाच्या तोलाचीच किंमत आपण मोजली, असं त्यानं पुढे स्वतःच्या संग्रहाबद्दल लिहिताना नोंदवलंय. बिल पाठवण्याची इतकी देखणी रीत दुसरी माझ्या ऐकिवात नाही.

आता फुलांकडे वळू. उत्तर युरोपात नर्गिस फुलतो मार्च-एप्रिलमध्ये. ट्यूलिप एप्रिलच्या मध्यापासून मेपर्यंत, आयरिस मे-जूनमध्ये, गुलाबाचा भर जूनमध्ये. पांढरी लिली जून-जुलैत. झेंडू उन्हाळा चढल्यावर येतो आणि थंडी पडेपर्यंत टिकतो. म्हणजे लिली उमलते तेव्हा नर्गिसचं फक्त जमिनीतलं कांद्यासारखं कंद उरलेलं असतं. आपल्याकडे कुणी पळस, बहावा, तेरडा आणि प्राजक्त एकाच फुलदाणीत रंगवले, तर चित्र कितीही हुबेहूब असलं तरी ते खोटं आहे हे शाळकरी पोरही सांगेल. फ्लेमिश, म्हणजे अँटवर्प-ब्रसेल्सकडची, पुष्पचित्रं बहुतेक सगळी अशीच ‘खोटी’ आहेत. एकेक फूल खरं, पण गुच्छ असा कधी जमलाच नव्हता.

त्या काळी काचघरं जवळजवळ नव्हतीच, शीतगृहं तर दूरच. त्यामुळे ब्रूगेलपुढे एकच वाट होती: ज्या आठवड्यात जे फूल उमलेल, त्या आठवड्यात ते गाठायचं, रंगवायचं आणि पुढच्या फुलाची वाट बघत बसायचं. मधल्या जागा डोक्यात तरी राखून ठेवाव्या लागत असणार. एखादं फूल यंदा हुकलं की थेट पुढच्या वर्षी. हे काम फार वेळखाऊ आहे, निसर्गदृश्यं काढणं यापेक्षा बरं, अशी कुरकुर त्याच्या पत्रव्यवहारात आहे, आणि ती रास्तच होती.

गुच्छाची रचनाही बघण्यासारखी. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये त्याचं याहून मोठं चित्र आहे, लाकडी पात्रातला गुच्छ. त्यात भारदस्त, लांब दांड्यांची फुलं वर आणि नाजूक, बोटाच्या पेराएवढी फुलं खाली, पात्राच्या कडेशी. रोज फुलं रचणाऱ्या माणसाला विचारा, तो हसेल. इतके दांडे त्या पात्राच्या तोंडात मावणार नाहीत, आणि मावलेच तर वरच्या वजनानं सगळं कलंडेल. शिवाय एकही फूल दुसऱ्याच्या मागे पूर्ण झाकलेलं नाही. प्रत्येकाचा चेहरा बाहेर, शाळेच्या वर्गाचा फोटो काढताना असतो तसा.

यात आणखी एक अडचण आहे, जी मला स्वतःला फजिती झाल्यावर समजली. मागे एकदा हौसेनं मी ट्यूलिपचा गुच्छ घरी आणला. सकाळी घट्ट मिटलेल्या कळ्या. दुपारी खोली तापली आणि सगळी फुलं बशीसारखी उताणी पडली! फुलवाल्यानं शिळी फुलं गळ्यात मारली, असं वाटून मी त्याला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. संध्याकाळी गारवा आल्यावर तीच फुलं पुन्हा मिटली. ट्यूलिपच्या पाकळीची आतली बाजू उष्णतेत बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त वेगानं वाढते, म्हणून पाकळी बाहेर वळते. गारव्यात उलटं घडतं. भर म्हणजे कापल्यानंतरही ट्यूलिपचा दांडा पाण्यात उभा राहून लांब होत राहतो. तिसऱ्या दिवशी माझ्या फुलांनी फुलदाणीबाहेर माना काढल्या होत्या. असलं ‘मॉडेल’ समोर ठेवून रंगवायचं म्हणजे चित्रकारानं सकाळचं फूल सकाळीच पकडलं पाहिजे.

नर्गिसचा तर उघड उपद्रवच आहे. त्याचा दांडा कापला की चिकट रस पाझरतो. त्याच पाण्यात ट्यूलिप ठेवले तर ते लवकर माना टाकतात. ब्रूगेलच्या गुच्छात मात्र दोघं चारशे वर्षं एका पात्रात गुण्यागोविंदानं नांदताहेत.

हा ब्रूगेल म्हणजे थोरला यान. जन्म १५६८, ब्रसेल्स. शेतकऱ्यांच्या जत्रा आणि लग्नं रंगवणाऱ्या प्रसिद्ध पीटर ब्रूगेलचा हा धाकटा मुलगा. पण तो जेमतेम वर्षाचा असताना वडील गेले. त्या काळच्या चरित्रकारानं लिहिलंय की रंगकामाचे पहिले धडे त्याला आजीनं दिले. मायकेन व्हेरहुल्स्ट हे तिचं नाव, आणि ती स्वतः लघुचित्रं काढायची. नखाएवढ्या पाकळीवर तीन छटा बसवण्याचा हात कुठून आला, याचं उत्तर बहुधा आजीपाशी आहे. विशीत तो इटलीला गेला, नेपल्स आणि रोम करून मिलानमध्ये बोरोमेओच्या आश्रयाला राहिला आणि १५९६ मध्ये अँटवर्पला परतला. पुढे ब्रसेल्सच्या दरबाराचा, म्हणजे आर्चड्यूक आल्बर्ट आणि इसाबेला यांचा, तो चित्रकार झाला. दुर्मीळ फुलं बघायला त्याला शाही बागांची दारं उघडी झाली, ती अशा ओळखींमुळे. त्याच्या रंगाच्या मऊ झळाळीमुळे लोक त्याला ‘मखमली ब्रूगेल’ म्हणत.

‘सगळी फुलं प्रत्यक्ष बघून’ हा दावा मात्र जरा जपूनच घ्यावा. त्याच्या वेगवेगळ्या चित्रांत तीच लिली, तोच आयरिस, त्याच कोनातून पुन्हा दिसतो. म्हणजे एकदा जमलेलं फूल तो आणि त्याच्या चित्रशाळेतले हात पुन्हा वापरत होते. धंदा चालवायचा तर दर वेळी जूनची वाट कोण बघणार?

हे सगळं अँटवर्पमध्येच का घडलं? एक कारण बंदर. दुसरं कारण छापखाना. क्रिस्टोफ प्लांटिनचा छापखाना याच शहरात होता. डोडोन्स, लोबेल आणि क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञांचे ग्रंथ तिथून निघत. त्यांतल्या झाडांच्या चित्रांसाठी कोरलेले हजारो लाकडी ठसे आजही शहरातल्या प्लांटिन-मोरेटस संग्रहालयात जपून ठेवलेत. याच छापखान्याचा एक धागा थेट गोव्यापर्यंत येतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे आणि मुंबई बेट त्याच्याकडे खंडानं होतं. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. क्लुसियसच्या हाती तो पडला, त्यानं त्याचा लॅटिन संक्षेप केला आणि १५६७ मध्ये प्लांटिननं तो अँटवर्पमध्ये छापला. युरोपातल्या बहुतेक वैद्यांनी ओर्ता वाचला तो या लॅटिन रूपात. म्हणजे ब्रूगेल जन्मला त्याच्या आदल्याच वर्षी गोव्याची झाडं अँटवर्पच्या पुस्तकांच्या दुकानात पोचली होती.

ट्यूलिप आला तुर्कस्तानातून. त्याचा किस्सा क्लुसियसनंच लिहून ठेवलाय. कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या कापडाच्या मालाबरोबर अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याला काही कंद मिळाले. त्याला वाटलं, कांदेच आहेत. काही भाजून तेल आणि व्हिनेगर घालून खाल्ले, उरलेले कोबीच्या वाफ्यात टोचून दिले. त्यातले थोडे एका जाणकार बागप्रेमीच्या नजरेस पडले म्हणून वाचले. झेंडूचा प्रवास याहून गमतीचा. तो मुळात मेक्सिकोचा. युरोपात त्याला ‘आफ्रिकी फूल’ म्हणू लागले आणि फ्लेमिश गुच्छांत तो दुर्मीळ पाहुणा म्हणून मानानं बसला. दसऱ्याला दाराला बांधताना आपण त्याला परका मानत नाही, ही गोष्ट वेगळी.

या पाहुण्यांमध्ये सगळ्यांत जास्त भाव खाल्ला तो पट्ट्यापट्ट्यांच्या ट्यूलिपनं. पांढऱ्या किंवा पिवळ्या पाकळीवर लाल-जांभळ्या ज्वाळा, जणू कुणी पिसानं रंग ओढलाय. फ्लेमिश पुष्पचित्रांत असा ट्यूलिप हमखास दिसतो. तेव्हाच्या माळ्यांना त्याचं कोडं सुटत नव्हतं. एकरंगी ट्यूलिपचा कंद अचानक एखाद्या वर्षी असं ‘फुटलेलं’ फूल देई. माळी माती बदलत, खत बदलत, काही जण दोन रंगांचे अर्धे कंद एकत्र बांधून बघत.

तो रोग होता. १९२८ मध्ये इंग्लंडच्या जॉन इन्स संस्थेत डोरोथी केली हिनं फुटलेल्या ट्यूलिपच्या कंदाचा तुकडा निरोगी कंदात बसवून दाखवलं की हे पट्टे संसर्गानं पसरतात. कारण एक विषाणू, आणि त्याची ने-आण करणारी मावा ही कीड. महाराष्ट्रात पपई लावणाऱ्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. फळावर गोल चट्टे पाडणारा रिंगस्पॉटचा विषाणू याच कुळातला, आणि तोही माव्यानंच पसरतो. ट्यूलिपची पाकळी मुळात पांढरी किंवा पिवळी असते. तिच्यावर अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा पातळ थर चढतो, तेव्हा ती लाल-जांभळी दिसते. विषाणू हे रंगद्रव्य तयार होण्यात आडवा येतो, पण सगळीकडे सारखा नाही. जिथे थर चढत नाही तिथे खालचा रंग उघडा पडतो. आणि विषाणूनं कंदही खंगतो, त्याला पिल्लं कमी येतात. म्हणून तो दुर्मीळ, आणि म्हणून महाग. लोक ज्याच्यासाठी वेडे झाले ते सौंदर्य आजाराचं लक्षण होतं. ब्रूगेलला याची कल्पना असण्याचं कारण नाही. त्यानं दिसले तसे पट्टे काढले, इतके नेमके की आजचा वनस्पतिरोगतज्ज्ञ ते बघून निदान करू शकेल.

आता पत्र्याकडे. तांब्यावर चित्र काढायचं कारण अगदी व्यवहारी आहे. कापडाला विणीचा खरखरीतपणा असतो, लाकूड दमटपणात फुगतं-आक्रसतं आणि रंगाला भेगा जातात. घासून गुळगुळीत केलेला तांब्याचा पत्रा तेल शोषत नाही, त्यामुळे कुंचल्याचं एक केस ओढलं तरी रेघ तशीच्या तशी राहते. मुंगीच्या पायाएवढं काम करणाऱ्याला आणखी काय हवं! रंग कालवायचा तो जवसाच्या किंवा अक्रोडाच्या तेलात. ही तेलं पाण्यासारखी उडून जाऊन वाळत नाहीत. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात आणि कडक पापुद्रा तयार होतो. याला दिवस लागतात. एप्रिलमधला ट्यूलिप जूनच्या गुलाबापर्यंत छान वाळलेला असायचा. म्हणजे फुलांच्या वेळापत्रकाला तेलाचं वेळापत्रक सोयीचं होतं.

रंगांची पेटी उघडली तर आपल्याला बरीच ओळखीची नावं भेटतात. पांढऱ्यासाठी शिशापासून केलेला सफेता. लालसाठी हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक. सगळ्यांत महाग निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्दीचा. त्याहून स्वस्त निळा कोबाल्टच्या काचेची पूड करून बनवत. पिवळ्याचे दोन-तीन प्रकार होते, आणि खरी भानगड तिथेच आहे. शिसं आणि कथील एकत्र भाजून केलेला एक पिवळा टिकाऊ होता. अठराव्या शतकात तो इतका विसरला गेला की १९४० च्या आसपास म्युनिचमधल्या एका संशोधकाला जुन्या चित्रांच्या पिवळ्यात कथील सापडलं, तेव्हा तो नव्यानं ‘शोधावा’ लागला. दुसरा पिवळा वनस्पतीच्या रसातून काढत. रस उकळायचा, तुरटी घालून रंग खडूसारख्या भुकटीवर बसवायचा. हा स्वस्त आणि पारदर्शक, म्हणून निळ्यावर त्याचा हात फिरवला की पानांचा ताजा हिरवा मिळे.

पण वनस्पतीचा रंग तो वनस्पतीचाच. उजेडानं त्याचे रेणू हळूहळू तुटतात. पिवळा उडून जातो, निळा मागे राहतो. संग्रहालयात सतराव्या शतकातली पुष्पचित्रं बघताना काही पानं विचित्र निळी दिसतात, ती चित्रकाराची लहर नाही. तसेच काही गुलाब एके काळी चांगले गुलाबी होते, लाल रस उडाल्यावर फिकुटले. कोबाल्टच्या काचेतून पोटॅशियम झिरपून बाहेर गेलं की तो निळाही राखाडी पडतो. हिंगूळ आणि सफेत्याचा भाग मात्र त्यामानानं खणखणीत राहिलेला दिसतो. बागेतल्यासारखंच झालं हे. इथेही प्रत्येक फूल आपापल्या वेळेला कोमेजतं, फक्त हिशेब आठवड्यांऐवजी शतकांचा.

यातलं सगळ्यांत चटका लावणारं उदाहरण ब्रूगेलचं नाही, पुढच्या पिढीतलं आहे. अँटवर्पमध्ये बराच काळ काम केलेल्या यान दाविद्स द हेमचा एक शिष्य होता, आब्राहाम मिन्यॉन. त्याचं एक पुष्पचित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यातला पिवळा गुलाब बाकी फुलांच्या मानानं अगदी सपाट दिसायचा. पाकळीवर पाकळी नाही, सावली नाही, नुसता पिवळट धब्बा. इतक्या कसबी माणसानं एवढंच फूल का बिघडवलं?

अँटवर्प विद्यापीठ आणि राइक्सम्युझियमच्या संशोधकांनी चित्रावरून क्ष-किरणांचा स्कॅनर फिरवला. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचा किरण परत सोडतं. त्यावरून कुठल्या ठिकाणी शिसं आहे, कुठे तांबं, कुठे पारा, याचे वेगवेगळे नकाशे काढता येतात. आर्सेनिकचा नकाशा उमटला आणि गुलाब पुन्हा फुलला! पाकळ्यांच्या कडा, वळणं, कुंचल्याचा एकेक फटकारा. २०२२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. मिन्यॉननं तो गुलाब हरताळानं रंगवला होता.

हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचं खनिज, सोन्यासारखं पिवळं. आपल्या जुन्या पोथ्यांमध्ये अक्षर चुकलं की लेखक त्यावर हरताळाचा हात देत आणि वर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आलं. मिन्यॉनच्या चित्रात हा हरताळ उजेडानं विघटित झाला. सुटलेलं आर्सेनिक रंगाच्या थरांमधून सरकलं, शिशाला भेटलं आणि त्यातून रंगहीन स्फटिक तयार झाले. गुलाबाचा सगळा गोलवा ज्या रंगात होता तोच विरला. आपली पोथी लिहिणारी मंडळी हरताळ चुकीवर फासत. इथे हरताळानंच एका उत्तम गुलाबावर हरताळ फासला.

ब्रूगेलकडे परत येऊ. गुच्छांखेरीज त्याचा आणखी एक प्रकार फार चालला: फुलांच्या हारामध्ये बसवलेली मेरी आणि बाळ येशू. असं पहिलं चित्र त्यानं १६०८ च्या सुमारास, पुन्हा बोरोमेओसाठीच, केलं. फुलं त्याची, आकृत्या हेंड्रिक व्हान बालेनच्या. पुढे अँटवर्पचा नामांकित चित्रकार रूबेन्स याच्याबरोबरही त्यानं अशी चित्रं केली. रूबेन्स माणसं काढणार, ब्रूगेल फुलं, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला दुय्यम समजायचा नाही. हार घातलेली देवाची तसबीर बघत मोठा झालेला मराठी माणूस या चित्रांसमोर क्षणभर थबकतो. ब्रूगेलचा शिष्य डॅनियल सेखर्स पुढे जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघात गेला आणि हारच रंगवत राहिला. दोनशेहून जास्त चित्रं केली, पण संघ ती विकत नसे, राजेरजवाड्यांना भेट देत असे.

१६२५ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, ब्रूगेल अँटवर्पमध्ये वारला. मुलांच्या पालकत्वाची जबाबदारी मित्र म्हणून रूबेन्सनं उचलली. बोरोमेओनं लिहून ठेवलंय की हिवाळ्यात सगळं बर्फानं गोठलेलं असतं तेव्हा आपण खोलीतल्या या रंगवलेल्या फुलांकडे बघतो, आणि खरा नसला तरी मनानं त्यांचा वासही घेतो.

त्या काळातले पट्टेरी ट्यूलिप बहुतेक नाहीसे झाले. विषाणू ज्या कंदात राहतो त्यालाच खंगवतो, आणि निरोगी पिकाला धोका नको म्हणून व्यापारी लागवडीतून ते हद्दपार झाले. आज बाजारात पट्ट्यांचे ट्यूलिप मिळतात ते संकरातून केलेले, विषाणूविना. पण हॉलंडमध्ये लिमेन गावात हॉर्टस बुल्बोरुम नावाची जुन्या कंदांची बाग आहे. तिथे ‘झोमरस्खोन’ नावाचा एक ट्यूलिप अजून लावतात. पिवळसर पांढऱ्या पाकळीवर डाळिंबी ज्वाळा. त्याची नोंद १६२० ची, तेव्हा ब्रूगेल हयात होता. चारशे वर्षं कंदाला कंद येत तो टिकलाय, आणि त्याच्याबरोबर त्याचा आजारही. दर वसंतात तो फुलतो, ऊन चढलं की उघडतो, गार झालं की मिटतो आणि थोड्याच दिवसांत त्याच्या पाकळ्या वाफ्यात गळून पडतात.